धांवत्या शब्दांचा इतिहास

इंग्रजी शिकूं लागलेल्या विद्यार्थ्याच्या हातीं जेव्हां पहिला लहानसा इंग्रजी-मराठी कोश पडतो, तेव्हां एक गोष्ट त्याला लौकरच आढळून येते. 'रन' पाहावें तर अर्थ दिलेला असतो 'धांवणें'. 'रश' पाहावें तर 'वेगानें धांवणें'. 'डॅश' पाहावें तर पुन्हा 'वेगानें धांवणें'. आणि 'स्कँपर', 'स्करी', 'बोल्ट', 'डार्ट' हे शब्द पाहूं जावें, तर थोड्याफार फरकानें तोच अर्थ पुढें येतो. एका साध्या क्रियेसाठीं या भाषेनें इतके शब्द कां सांठविले असावेत, असा प्रश्न त्याला पडतो. आणि बहुधा तो अशी समजूत करून घेतो, कीं हे सारे शब्द समानार्थी आहेत, एकाच्या जागीं दुसरा बसविला तरी चालेल. मग त्याच्या निबंधांत सेनापति रणांगणावर 'स्करी' करूं लागतो, राजा 'स्कँपर' करीत दरबारांत येतो, आणि परीक्षकाच्या तांबड्या पेन्सिलीला काम मिळतें.

परंतु दोन शब्दांचा अर्थ अगदीं एकच असावा, असें कोणत्याहि जिवंत भाषेंत फारसें घडत नाहीं. दोन शब्द एकाच अर्थावर हक्क सांगूं लागले, कीं त्यांतला एक हळूहळू मागें पडतो, किंवा आपल्यापुरता एखादा निराळा कोपरा शोधून तेथें बिऱ्हाड करतो. इंग्रजींतील वेगवाचक क्रियापदांनीं असे पुष्कळ कोपरे शोधले आहेत, आणि ते कोठें शोधले हें पाहूं गेलें असतां व्याकरणापेक्षां कांहीं मोठेंच हातीं लागतें. माणूस उगीच धांवत नाहीं. कोणी तरी त्याच्या पाठीस लागलेलें असतें, किंवा तो कोणाच्या तरी पाठीस लागलेला असतो. त्याला कोठें तरी वेळेवर पोंचावयाचें असतें, किंवा कोठून तरी निसटावयाचें असतें. इंग्रज लोकांना दीड हजार वर्षांत ज्यानें ज्यानें धांवावयास लावलें, त्याची नोंद त्यांच्या या क्रियापदांत होऊन राहिली आहे.

या नोंदीचें सर्वांत जुनें पान अँग्लो-सॅक्सन लोकांचें. इसवी सनाच्या पांचव्या शतकांत उत्तर जर्मनी व डेन्मार्क या बाजूंनीं आलेल्या टोळ्यांनीं जी बोली ब्रिटनमध्यें आणली, तींत आजच्या 'रन'चें पूर्वरूप 'रिनन' किंवा 'इर्नन' असें होतें. या धातूचा अर्थ केवळ पायांनीं धांवणें एवढाच नव्हता. पाणी वाहणें हाहि त्याचाच अर्थ होता. जर्मन भाषेंत त्याच घराण्यांतील 'रिन्नन' हें क्रियापद आजहि पाण्याच्या वाहण्याला आणि पाझरण्याला लावतात. इंग्रजींत नदी 'रन' होते, सर्दी झाल्यावर नाक 'रन' होतें, आणि धुण्यांत कपड्याचा कच्चा रंगहि 'रन' होतो. मराठी वाचकाला यांत नवल वाटावयाचें कारण नाहीं. मराठींतील 'धांवणें' ज्या संस्कृत 'धाव्' धातूपासून आलें, त्याचेहि धांवणें आणि वाहणें असे दोन्ही अर्थ आहेत. आणि ज्या इंडो-युरोपीय धातूपासून तो निघाला, त्याच धातूचा एक वंशज इंग्रजींत 'ड्यू', म्हणजे दंव, या रूपानें नांदत आहे. मराठींतला धांवणारा माणूस आणि इंग्रजींतलें गवतावरचें दंव अशीं हीं दूरचीं नातलग ठरतात.

याच जुन्या थरांत वेगाशीं निगडित असे तीन शब्द सांपडतात, आणि गंमत अशी, कीं ते तिन्ही मुळांत वेगाचे नव्हतेच. पहिला 'क्विक'. याचा मूळ अर्थ 'जिवंत'. संस्कृत 'जीव' आणि इंग्रजी 'क्विक' हे एकाच मुळापासून फुटलेले दोन फांटे होत. जुन्या इंग्रजी धर्मग्रंथांत जिवंत व मृत अशी जोडी सांगतांना जिवंतांना 'क्विक' म्हटलें आहे. नखाखालच्या हुळहुळ्या, जिवंत मांसाला इंग्रज अजून 'क्विक' म्हणतो, आणि पाऱ्याला 'क्विकसिल्व्हर', म्हणजे जिवंत रुपें, म्हणतो. संस्कृत कोशकारांनीं पाऱ्याला 'चपल' असें नांव दिलें, तें याच नजरेनें. जें जिवंत असतें तें हालतें, आणि जें हालतें तें चपळ, अशा पायऱ्यांनीं हा शब्द वेगापर्यंत आला. त्यापासून झालेल्या 'क्विकन' या क्रियापदांत दोन्ही पायऱ्या शाबूत आहेत: गर्भाची हालचाल सुरू होणें हेंहि 'क्विकन', आणि पाऊल जलद उचलणें हेंहि 'क्विकन'.

दुसरा शब्द 'फास्ट'. याचा मूळ अर्थ तर वेगाच्या नेमका उलट. स्थिर, घट्ट, न हालणारें. दोर खुंटीला 'फास्ट' बांधतात, गाढ झोपलेल्या माणसाला 'फास्ट' झोपला असें म्हणतात, आणि पक्क्या रंगाला 'फास्ट' रंग म्हणतात. उपवासाला जो 'फास्ट' शब्द आहे, त्याच्या मुळाशींहि नियम घट्ट धरून राहणें हाच अर्थ आहे. मग घट्ट राहणारा हा शब्द धांवूं कसा लागला? मराठींत 'नेटानें धांवणें' असें म्हणतात, तें ध्यानांत घेतलें म्हणजे उलगडा होतो. जो घट्टपणें, नेटानें, सारें बळ लावून धांवतो, तो साहजिकच वेगानें धांवतो. आणि 'नेटानें' याचा अर्थ हळूहळू 'वेगानें' असा होऊन बसला.

तिसरा शब्द 'स्पीड'. जुन्या इंग्रजींत याचा अर्थ होता भरभराट, यश. प्रवासाला निघालेल्या माणसाला 'गॉडस्पीड' असा निरोप देत, त्यांत देव तुला लौकर पोंचवो असें म्हणावयाचें नसून देव तुला यश देवो असें म्हणावयाचें असे. इंग्रजींत एक जुनी म्हण आहे, तिचा अर्थ आज पुष्कळांना 'जितकी घाई अधिक तितका वेग कमी' असा कांहींसा चमत्कारिक वाटतो. 'स्पीड' म्हणजे यश, हें कळलें म्हणजे ती म्हण सरळ होते: जितकी घाई अधिक, तितकें यश कमी. गुडघ्याला बाशिंग बांधणाऱ्या उतावळ्या नवऱ्याला मराठी म्हणीनें जें ऐकविलें, तेंच येथें इंग्रजांनीं ऐकविलें आहे.

जीव, स्थैर्य आणि भरभराट या तीन कल्पनांतून तीन शब्द वेगाकडे आले, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पुढच्या थरांतले शब्द इतक्या शांत घरांतून आलेले नाहींत.

इ. स. ७९३ मध्यें उत्तर इंग्लंडच्या किनाऱ्यालगतच्या लिंडिस्फार्न बेटावरील मठावर समुद्रापलीकडच्या नॉर्स लोकांनीं हल्ला केला, आणि त्यानंतर दोनशें वर्षांहून अधिक काळ हे चांचे, व मागाहून वसाहतवाले, इंग्लंडांत येत राहिले. शेजारीं शेजारीं राहिल्यानें दोन्ही भाषांची सरमिसळ झाली. नॉर्स 'ह्लाउपा' या शब्दापासून इंग्रजींत 'लोप' आला. लांडगा लांब लांब ढांगा टाकीत, न थकतां जी चाल धरतो, तिला हा शब्द लावतात. त्याचाच सख्खा भाऊ इंग्रजांच्या घरीं अगोदरच होता, तो म्हणजे 'लीप', उडी मारणें. नॉर्स 'स्प्रेट्टा', म्हणजे एकदम उसळी घेणें, यापासून 'स्प्रिंट' निघाला. मात्र हा शब्द कित्येक शतकें कोपऱ्यांत पडून होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांचे मैदानी सामने १८६४ पासून सुरू झाले, शर्यतींचीं अंतरें ठरलीं, घड्याळें लावून वेळ मोजण्यांत येऊं लागली, त्या काळांत थोड्या अंतराच्या जोरकस धांवेला नांव हवें झालें, आणि तेव्हां या जुन्या शब्दाला पुन्हा काम मिळालें.

यानंतर १०६६ सालीं नॉर्मन आले. राज्य त्यांचें झालें, दरबाराची भाषा फ्रेंच झाली, आणि घोडा व शिकार हे सरदारांचे दोन मोठे शोक भाषेंत उतरले. साधा इंग्रज शेतकरी पायांनीं धांवत होता, तो 'रन'च करीत राहिला. सरदार मात्र 'गॅलप' करूं लागला. या 'गॅलप' शब्दाची कुळकथा मोठी मनोरंजक आहे. तो फ्रेंचांतून आला खरा, पण फ्रेंचांना तो मिळाला फ्रँक या जर्मानिक लोकांपासून. आणि फ्रँकांच्या भाषेंत त्याचीं दोन पदें होतीं असें भाषाशास्त्रज्ञ मानतात: 'वाला', म्हणजे चांगलें, आणि 'ह्लाउपान', म्हणजे धांवणें किंवा झेपावणें. पहिलें पद इंग्रजीच्या 'वेल'चें भावंड, दुसरें 'लीप'चें. याचा अर्थ असा, कीं 'वेल' आणि 'लीप' हे दोन्ही शब्द घरांत असतां इंग्रजांनीं त्यांच्याच नातलगांची जोडी फ्रान्समधून भारी पोषाखांत परत आणली. इतकेंच नव्हे, तर उत्तर फ्रान्सच्या बोलींतलें त्याच शब्दाचें दुसरें रूप 'वॉलप' हेंहि इंग्रजींत आलें. चौदाव्या शतकांत त्याचा अर्थहि भरधांव दौडणें असाच होता; पण एका अर्थाला दोन शब्द नकोत म्हणून कीं काय, त्याची पुढें घसरगुंडी झाली, आणि एकोणिसाव्या शतकापासून तो बदडून काढणें या अर्थानें वापरांत आहे. 'हेस्ट', म्हणजे घाई, या शब्दाचाहि प्रवास असाच जर्मानिकांतून फ्रेंचांत आणि फ्रेंचांतून इंग्रजींत झालेला आहे.

शिकारीनें दिलेला शब्द म्हणजे 'रश'. जुन्या फ्रेंचांत 'र्‍यूझे' म्हणून क्रियापद होतें, त्याचा अर्थ मागें हटविणें, हुलकावणी देणें. कुत्रे पाठीस लागलेलें हरिण एकाएकीं वळून उलट्या वाटेनें पळतें आणि कुत्र्यांना चकवितें, त्या चालीला शिकारी लोक 'र्‍यूझ' म्हणत. याच शब्दापासून इंग्रजींत दोन शब्द झाले. एक 'रूझ', म्हणजे कपट, डाव. आणि दुसरा 'रश', म्हणजे मुसंडी मारून जाणें. एका हरणाची युक्ति एका शब्दांत राहिली, आणि तिची धांव दुसऱ्यांत. 'हर्टल' हा शब्दहि याच काळचा. फ्रेंच 'हुर्ते', म्हणजे ढुशी देणें, यापासून 'हर्ट' झाला, आणि पुन्हा पुन्हा आदळणें या अर्थानें त्याचें 'हर्टल' झालें. आज त्याचा अर्थ बेफाम वेगानें जाणें असा आहे. तरी ज्याच्याविषयीं हा शब्द वापरावा, तें वाहन शेवटीं कशावर तरी आदळणार, असा धाक त्यांत अजून दडलेला असतो.

अश्वारोहणांतला आणखी एक शब्द भक्तिमार्गानें आला आहे. कँटरबरीचा आर्चबिशप टॉमस बेकेट याचा ११७० सालीं त्याच्याच चर्चमध्यें वध झाला. दुसऱ्या हेन्री राजाच्या सरदारांनीं तो केला. तीन वर्षांच्या आंत बेकेट संतपदाला चढला, आणि त्याच्या समाधीच्या दर्शनाला इंग्लंडच्या कानाकोपऱ्यांतून यात्रेकरूंची रीघ लागली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर कवीनें आपल्या कथाकाव्यासाठीं जे यात्रेकरू निवडले, ते याच वाटेवरचे. ही मंडळी घोड्यावर असत, पण त्यांना कोणतीहि लढाई गांठावयाची नसे. दौडीपेक्षां मंद आणि दुडक्या चालीपेक्षां सुखाची अशी एक मधली चाल या वाटेशीं कायमची जोडली गेली. पुढें आठव्या हेन्रीनें १५३८ सालीं ती समाधि उद्ध्वस्त केली आणि यात्रा संपली. परंतु त्यानंतर शंभर वर्षांनींहि लोक त्या चालीला 'कँटरबरी चाल' म्हणत होते, आणि अठराव्या शतकाच्या आरंभीं त्या नांवाचें शेंपूट छाटून 'कँटर' हें क्रियापद तयार झालें. समाधीचा दगडहि जागेवर राहिला नाहीं. घोड्याच्या टापांत मात्र त्या यात्रेचें नांव उरलें.

सरदारांच्या द्वंद्वखेळांतून 'करीअर' हा शब्द आला. फ्रेंचांत त्याचा अर्थ शर्यतीचें किंवा दौडीचें मैदान. आणि त्याच्या मुळाशीं आहे लॅटिन 'कारुस', म्हणजे गाडी. ही गाडीहि रोमन लोकांनीं गॉल देशांतील केल्ट लोकांपासून घेतलेली. भाला रोंखून घोडा भरधांव फेंकणें याला सोळाव्या शतकांत 'करीअर' म्हणत, आणि अनावर वेगानें जाणें या अर्थानें तें क्रियापद इंग्रजींत अजून आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं या मैदानाचा अर्थ माणसाच्या व्यवसायाची वाटचाल असा झाला. आज मराठी घरांत मुलाच्या 'करिअर'ची चिंता बोलून दाखवितात, तेव्हां नकळत एका चौखूर उधळलेल्या घोड्याचेंच नांव घेतलें जातें. शाळेचा अभ्यासक्रम सांगणारा 'करिक्युलम' हा शब्दहि लॅटिन भाषेंत शर्यतीची धांव, शर्यतीचा मार्ग या अर्थाचाच होता. लॅटिन 'कुर्रेरे', म्हणजे धांवणें, हा त्याचा धातु. आणि जासूद या अर्थाचा 'कुरिअर', घरांतील अरुंद वाटेला लावलेला 'कॉरिडॉर', चलनी नाण्यांना लावलेला 'करन्सी' हीं सारीं त्याचीच संतति होय.

युद्धानें दिलेले शब्द निराळेच उठून दिसतात. 'बोल्ट' म्हणजे आडव्या धनुष्यांतून सुटणारा आंखूड जाड बाण, आणि 'डार्ट' म्हणजे हातानें फेंकावयाचा लहान भाला. दोन्ही शस्त्रें कालांतरानें नामशेष झालीं, आणि क्रियापदें उरलीं. घोडा बुजून एकाएकीं उधळला, म्हणजे तो 'बोल्ट' होतो. मासोळी पाण्यांत एका जागेवरून दुसरीकडे सुळकन् जाते, तेव्हां ती 'डार्ट' करते. दोहोंतला वेग सारखा असेल; परंतु एकांत सुटून जाणें आहे, आणि दुसऱ्यांत नेम आहे.

'स्कँपर' या शब्दाची कथा सर्वांहून खेदकारक म्हणावी लागेल. लॅटिन भाषेंत 'एक्स' म्हणजे बाहेर, आणि 'कांपुस' म्हणजे मैदान, विशेषतः रणमैदान. रणांतून बाहेर पडून पळ काढणें, या अर्थाचें क्रियापद इटली, फ्रान्स व फ्लँडर्स या देशांच्या बोलींतून फिरत फिरत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्रजींत पोंचलें. हे दिवस युरोपांतील अखंड लढायांचे, आणि हा शब्द सैनिकांच्या तोंडचा. प्रारंभीं तो भ्याड शिपायाला उद्देशून होता. आज मात्र बागेंतलीं मुलें 'स्कँपर' करतात, झाडावरची खार 'स्कँपर' करते. रणांगणाची भीति ओसरली, आणि लहान पायांची लगबग तेवढी मागें राहिली. 'स्करी' त्याच्या शेजारचा. पण त्याला रणांगणाचा पूर्वज नाहीं. 'हरी', म्हणजे घाई, या शब्दाला मराठींतल्या 'घाईगर्दी'सारखी यमकाची जोड देऊन अठराव्या शतकांत 'हरी-स्करी' असा जोडशब्द झाला, आणि पुढें त्याच्या शेपटीला स्वतंत्र आयुष्य लाभलें. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें, तेव्हां पराभूत फौजेच्या पळापळीसाठीं 'स्किडॅडल' असा एक थट्टेचा शब्द वर्तमानपत्रांतून एकाएकीं गाजला. त्याचें मूळ कोणासहि निश्चित सांगतां आलेलें नाहीं.

राज्यकारभारालाहि वेग लागतो. ट्यूडर राजांच्या काळीं, सोळाव्या शतकांत, मुख्य मार्गांवर ठरलेल्या अंतरांवर घोड्यांचे ठाणें ठेवून राजाचीं पत्रें पोंचविण्याची व्यवस्था झाली. आठव्या हेन्रीनें तिच्यावर सर ब्रायन टूक यास नेमलें होतें. निकडीच्या लखोट्यावर डाकस्वारासाठीं 'त्वरा कर, स्वारा, त्वरा कर' अशा आशयाचे शब्द लिहीत. आणि कांहीं लखोट्यांवर फांसाचें चित्रहि काढलेलें आढळतें. उशीर झाला तर काय होईल, हें अक्षरशत्रु स्वारालाहि त्यावरून समजावें! त्या लखोट्यावरील शब्दांतूनच 'पोस्ट-हेस्ट' हा शब्दप्रयोग निघाला. याच शतकांत पंडितांनीं लॅटिनमधून निराळीच भर घातली. 'एक्स्पिडाइट' याचा मूळ अर्थ बेडींतून पाय मोकळा करणें, आणि 'इंपीड' याचा अर्थ पायांत बेडी घालणें. 'प्रिसिपिटेट' म्हणजे डोकें खालीं करून कोसळणें. हे शब्द रस्त्यावर धांवले नाहींत, कचेरींत बसले. म्हणूनच आजहि अर्ज 'एक्स्पिडाइट' होतो, पण मूल आईकडे 'एक्स्पिडाइट' होत नाहीं.

यानंतर इंग्रजांचीं गलबतें जगभर फिरूं लागलीं, आणि जेथें जेथें त्यांना घाई झाली, तेथल्या तेथल्या लोकांपासून त्यांनीं घाईचा शब्द उचलला. चीनमध्यें १७५७ पासून १८४२ पर्यंत युरोपीय व्यापाऱ्यांना कँटन या एकाच बंदरांत व्यापाराची मुभा होती. तेथें चिनी व इंग्रजी यांच्या मिश्रणानें जी कामचलाऊ बोली झाली, तींतून 'चॉप-चॉप' म्हणजे 'लौकर लौकर' हा शब्द आला. आणि जेवणाच्या काड्यांच्या 'चॉपस्टिक' या नांवांतला 'चॉप' तोच. मेक्सिकोच्या सरहद्दीवर अमेरिकन लोकांनीं स्पॅनिश 'व्हामोस', म्हणजे 'चला जाऊं', याचें 'व्हमूस' केलें, आणि त्याला 'पोबारा करणें' असा अर्थ दिला. बुजलेल्या कळपाच्या उधळण्याला तेथूनच 'स्टँपीड' म्हणूं लागले. हिंदुस्थानांतील गोऱ्या शिपायांनीं 'जल्दी' उचलला, आणि 'जिल्डी' असा करून आपल्या बोलींत घेतला. किपलिंगच्या १८९० सालच्या 'गंगा दीन' या कवितेंत तो शिपायाच्या तोंडीं आहे. यांतले बहुतेक शब्द हुकूम देणाऱ्यांनीं उचलले, आणि ते हुकूम ऐकणाऱ्यांच्या भाषेंतले होते, एवढ्यावरूनहि त्या काळचे संबंध कळून येतात.

येथें एक शंका साहजिक आहे. युद्धें, यात्रा आणि व्यापार इतरांनाहि घडले. मग इंग्रजीनेंच हे इतके शब्द जपून कां ठेवले? याचें उत्तर तिच्या वाक्यरचनेंत आहे. लेनर्ड टाल्मी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानें १९८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका विवेचनांत भाषांचे या बाबतींत दोन वर्ग दाखविले. मराठींत 'तो धांवत आंत आला' असें म्हणतात. येथें मुख्य क्रियापद 'आला'. तें दिशा सांगतें, आणि चाल कशी होती हें 'धांवत' या जोडशब्दावर सोंपविलेलें असतें. स्पॅनिश व फ्रेंच भाषांचीहि रीति अशीच. इंग्रजींत उलट आहे. तेथें मुख्य क्रियापदच चाल सांगतें, आणि दिशेचें काम एका लहानशा अव्ययावर भागतें. प्रत्येक वाक्यांत चालीचें क्रियापद लागणार, म्हटल्यावर अशा क्रियापदांचा सांठा वाढतो, आणि वाढलेला टिकतो. मराठीनें हें काम 'लगबगीनें', 'तुरुतुरु', 'दुडुदुडु', 'भरधांव', 'सुसाट' यांसारख्या शब्दांकडे दिलें आहे. मराठी दरिद्री आणि इंग्रजी श्रीमंत, असा याचा अर्थ नव्हे; दोघींनीं आपला ऐवज निरनिराळ्या पेट्यांत ठेवला आहे.

हा ऐवज मोजण्याचे प्रयत्न अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. डॉ. जॉन्सनची स्नेही हेस्टर पिओझ्झी या बाईनें १७९४ सालीं इंग्रजी समानार्थी शब्दांवर एक पुस्तक काढलें. तिचा नवरा इटालियन होता, आणि परक्याला या शब्दांत कसा गोंधळ होतो याचा तिला घरींच अनुभव होता. १८१६ सालीं जॉर्ज क्रॅब यानें शब्दाशब्दांतील भेद समजावून देणारा ग्रंथ लिहिला. परंतु कीर्ति झाली ती पीटर मार्क रॉजे याची. हा व्यवसायानें वैद्य, आणि कित्येक वर्षें रॉयल सोसायटीचा चिटणीस होता. गतीचा तर त्याला छंदच होता; उभ्या गजांच्या फटींतून पाहिलें असतां फिरत्या चाकाचे आरे वांकलेले कां दिसतात, यावर त्यानें एक शास्त्रीय निबंध लिहिला होता. १८०५ पासून त्यानें स्वतःच्या उपयोगासाठीं शब्दांच्या याद्या केल्या, आणि वयाच्या ७३ व्या वर्षीं, १८५२ सालीं, 'थिसॉरस' या नांवानें त्या छापल्या. त्यानें शब्द अकारविल्हे न लावतां कल्पनांप्रमाणें लावले, आणि वेगाला त्यांत स्वतंत्र कलम दिलें. भारतीय वाचकाच्या दृष्टीनें विशेष हें, कीं कल्पनांप्रमाणें शब्द लावण्याच्या पूर्वींच्या प्रयत्नांचा उल्लेख करतांना रॉजेनें आपल्या प्रस्तावनेंत सर्वांत जुना म्हणून अमरसिंहाच्या अमरकोशाचें नांव घेतलें आहे. कोलब्रुकनें केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर १८०८ सालीं श्रीरामपूर येथें छापलें गेलें होतें. शीघ्र, त्वरित, क्षिप्र, द्रुत, तूर्ण, आशु यांची माळ अमरसिंहानें रॉजेच्या कित्येक शतकें आधीं ओंवून ठेवली होती.

मात्र याद्या करणाऱ्याच्या हातून एक गोष्ट निसटते. यादींत शब्द शेजारीं शेजारीं बसतात, आणि त्यांनीं केलेला प्रवास दिसेनासा होतो. तो प्रवास दाखविण्याचें काम १८८४ ते १९२८ या काळांत भागशः प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशानें हातीं घेतलें. त्याच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत सर्वांत लांब नोंद 'सेट' या शब्दाची होती. ठेवणें, बसविणें, स्थिर करणें हे त्याचे अर्थ. तिसऱ्या आवृत्तीचें काम चालूं असतां २०११ सालीं असें जाहीर झालें, कीं तो मान आतां 'रन'कडे गेला आहे. एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेले, आणि ते निवडण्यास पीटर गिलिव्हर या संपादकांना सुमारें नऊ महिने लागले. हा शब्द इतका फुगण्याचें मोठें कारण म्हणजे यंत्रयुग. गिरणी 'रन' होते, आगगाडी 'रन' होते, दुकान 'रन' करतात, निवडणुकीला 'रन' करतात, आणि संगणकावरील आज्ञावलीहि 'रन' होते. पाण्याच्या ओघासाठीं असलेला हा शब्द यंत्रांच्या ओघाला पुरून उरला. ठेवण्या-बसविण्याच्या शब्दाला धांवण्याच्या शब्दानें मागें टाकावें, यांत गेल्या दोन शतकांचा इतिहास थोडक्यांत आलेला आहे.

या सर्वांचा व्यवहारांतला उपयोग भाषांतर करणाऱ्याला आणि शिकविणाऱ्याला अधिक. इंग्रजी क्रियापदासमोर 'वेगानें धांवणें' असें लिहून मोकळें होण्यापूर्वीं त्या शब्दाला एवढेंच विचारावें, कीं तूं कोणाच्या भीतीनें किंवा कोणाच्या ओढीनें निघालास? मराठी शब्दांनाहि हाच प्रश्न विचारतां येतो. 'पळणें' हा शब्द संस्कृत 'पलायन'च्या घराण्यांतला; त्याच्या पाठीमागें धोका आहे. 'दौड' म्हटलें कीं घोडदळ डोळ्यांपुढें येतें. आणि 'धांवणें' या शब्दांत मराठीनें एक असा अर्थ भरला आहे, जो इंग्रजीच्या त्या ६४५ अर्थांच्या शेजारीं मानानें बसावा. संकटांत सांपडलेला माणूस देवाचा धांवा करतो. शेजाऱ्याच्या घराला आग लागली म्हणजे गांव धांवून जातें. इंग्रजी 'स्पीड' शब्दांत एके काळीं जें शुभ होतें, तें तेथें घाईनें पुसून टाकलें. मराठी 'धांवणें'मध्यें दुसऱ्याच्या हांकेला ओ देण्याचा अर्थ अजून शिल्लक आहे. तो बोलण्यांत आहे तोंवर शब्दांतहि राहील.